दोन दिवस डबा बंद

मी एक जुना मोबाइल आहे, आणि मला माझ्याच आवाजाची भीती वाटते.

तुम्हाला याचे हसू येईल. मोबाइलने वाजायचेच असते. पण मित्रांनो, रायपूरच्या गुढियारीतल्या एका घरात मी जे पाहिले, ते तुम्ही पाहिले असते तर 'टिंग' असा एवढासा आवाज करण्याआधी तुम्हीही थबकला असता.

माझा जन्म नेमका कुठे झाला हे सांगणे अवघड आहे. माझी काच एका देशातली, बॅटरीतले लिथियम दुसऱ्या देशातले आणि आतली तांब्याची तार आणखी कुठली तरी. हे सगळे एका कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर एकत्र आले. पट्ट्याच्या शेवटी डोक्याला जाळीची टोपी घातलेली एक मुलगी बसली होती. तिने मला सुरू केले, पडद्यावर चारी कोपऱ्यांत बोट फिरवले, कानाशी धरले आणि बाजूला ठेवून दिले. माझ्याबद्दल कुणी दिलेले ते पहिले मत. त्यात तारे नव्हते. चालतो की नाही, एवढेच तिला पाहायचे होते. तेव्हा मला वाटले की जगात सगळ्यांचीच तपासणी अशी होत असेल.

धर्मपाल हे रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कामावर फिटर होते. ते निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्या मंडळींनी मला त्यांच्या हातात दिले. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, बाहेर हिंदी, आणि भाजीवालीशी छत्तीसगढी. मला सुरुवातीला फार काम नव्हते. सकाळी वंदना ऐकवायची, नागपूरच्या नातेवाइकांना 'जय भीम' पाठवायचे, आणि दुपारी त्यांच्या छातीवर पडून त्यांच्याबरोबर झोपायचे. ते दिवस निवांत होते.

मग त्यांच्या सुनेने, चेतनाने, घरून डबे द्यायला सुरुवात केली. सासूबाई अंजनाबाईंच्या हाताला चव होती आणि चेतनाच्या हाताला उरक होता. बाहेरच्या भिंतीवर 'अंजना टिफिन सेंटर' असे रंगवले आणि खाली नंबर लिहिला तो माझा, कारण घरातला माणूस नेहमी उचलेल असा तोच एक नंबर होता. अशा रीतीने मी धर्मपालांच्या खिशातून उठलो आणि स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी येऊन बसलो. माझ्या काचेवर हळदीचे बोट उमटले ते आजही एका कोपऱ्यात आहे.

चेतनाचा दीर यशदीप एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने माझ्यातूनच नकाशाच्या ॲपवर या सेंटरची जागा नोंदवली. "भाभी, अब पूरा रायपुर आपको ढूँढ लेगा," तो म्हणाला. मराठी त्याला सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच येते. तेव्हापासून कुणी 'जवळचा डबा' असे शोधले की आमचे नाव दिसू लागले. नावाखाली तारे आणि ताऱ्यांखाली लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू. नवा रिव्ह्यू आला की मी 'टिंग' करायचे, असे ठरले.

पहिला रिव्ह्यू उरला या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या एका मुलाचा होता. पाच तारे, आणि पुढे तीन शब्द: घर जैसा खाना. चेतनाने तो मोठ्याने वाचला. अंजनाबाईंनी तो पुन्हा वाचायला लावला.

"कोन पोट्टा हाये हा?" त्यांनी विचारले.

"तो चष्मेवाला, आत्याबाई. उरल्याचा."

"त्याले उद्या भाजी जास्त टाक."

"असं नसते आत्याबाई. मग सगळेच लिहितीन."

"लिहू दे ना मग. सगळ्यायले जास्त टाक."

ते माझे चांगले दिवस होते. मी वाजलो की घरात कुणीतरी हात पुसत माझ्याकडे यायचे. हळूहळू पंधरा-वीस रिव्ह्यू जमले आणि जवळजवळ सगळे पाच ताऱ्यांचे.

इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढची सगळी काळजी तिच्यातून आली. ताऱ्यांची सरासरी काढतात. रिव्ह्यू हजार असतील तर एखादा वाईट आला तरी सरासरीला फारसा धक्का लागत नाही. पण रिव्ह्यू वीसच असतील तर एकच वाईट रिव्ह्यू सगळा आकडा खाली खेचतो. शिवाय वाचणाऱ्याची नजर चांगल्या वीसांवर थांबत नाही. ती त्या एकावर जाऊन थांबते. लहान दुकानाचे नाव हे असे पातळ काचेचे असते. माझीही काच तशीच असल्यामुळे मला हे लवकर समजले.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता चेतनाचा नवरा प्रफुल्ल घरी बसला. तो उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये होता. मिलने एक भट्टी बंद केली आणि त्याची पाळी गेली. तो मोपेडवरून डबे पोचवू लागला. आता घर डब्यांवरच चालणार होते, आणि गुढियारीतले डबे त्याला पुरणार नव्हते. त्याच सुमारास मुलींच्या एका वसतिगृहाच्या अधीक्षिका शर्मिष्ठा मॅडम यांचा माझ्यावर फोन आला. त्यांना नव्या रायपुरातल्या आपल्या मुलींसाठी दोन वेळचे डबे हवे होते.

"मी दोन-तीन ठिकाणी विचारते आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे रिव्ह्यू चांगले दिसतात. दिवाळीनंतर नक्की करू."

फोन ठेवल्यावर चेतना बराच वेळ मला हातात धरून उभी होती. ते काम मिळाले तर घर उभे राहणार होते.

आणि दसरा आला.

दसऱ्याला हे घर नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. धर्मपालांच्या वडिलांच्या वेळेपासून एकही वर्ष चुकलेले नाही. ते दोन दिवस डबा बंद असतो. पण हे कुठे लिहून लावायचे असते, असे या घरात कुणाला कधी वाटलेच नाही. उद्या सूर्य उगवणार आहे हे कुणी लिहून लावते का? जवळचे सगळे गिऱ्हाईक जाणूनच होते, आणि नव्या लोकांना आता प्रफुल्ल डबा देताना तोंडी सांगत होता. नकाशाच्या ॲपवर मात्र आमचे सेंटर बाराही महिने उघडे होते. ती दुरुस्ती माझ्यातूनच करता आली असती. एका बोटाचे काम. पण मी सांगू शकत नाही, मी फक्त वाजू शकतो.

नव्या गिऱ्हाइकांत सुनेत्रा मॅडम नावाच्या एक होत्या. त्या राज्य सरकारच्या एका कार्यालयात अधिकारी होत्या आणि आईसह एका मोठ्या सोसायटीत राहत. तिथे डबा फाटकावरच्या गार्डकडे ठेवायची पद्धत होती. प्रफुल्लने दोन दिवस डबा नसल्याचा निरोप गार्डला दिला. गार्ड अभनपूरकडचा साधा माणूस. त्याची पाळी बदलली, आणि निरोप फाटकावरच राहिला.

त्या दोन दिवसांत सुनेत्रा मॅडम कामासाठी दिल्लीला गेल्या होत्या. घरी त्यांची आई एकटी होती. तिला मधुमेह.

परतीच्या गाडीत आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. धर्मपालांच्या मांडीवर नवी पुस्तके होती. गाडी डोंगरगडला थांबली, माझ्यात नेटवर्क आले, आणि मी वाजलो. चेतनाने हसत पडदा पाहिला. मग तिचे हसू गेले. एक तारा होता, आणि मजकूर मराठीत होता.

'न कळवता डबा बंद ठेवला. फोन लागला नाही. माझी आई मधुमेही आहे, घरी एकटी होती. औषध घेतले आणि डब्याची वाट पाहत राहिली. संध्याकाळी शेजाऱ्यांनी पाहिले तेव्हा ती घामाने भिजून थरथरत होती. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आहे त्यांनी या डब्याच्या भरवशावर राहू नये.'

फोन लागला नाही हे खरे होते. दीक्षाभूमीच्या गर्दीत लाखो मोबाइल होते, आणि आम्ही सगळे एकाच वेळी नेटवर्कच्या मनोऱ्याला हाका मारत होतो. मी हाक मारून थकलो होतो.

"आई बरी हाये का त्यायची?" अंजनाबाईंनी पहिल्यांदा हेच विचारले.

"बरी असन. लिहिलं नाही तसं," चेतना म्हणाली. तिने लगेच फोन लावला. पलीकडून कट झाला. तिने निरोप लिहिला: आई कशा आहेत? उत्तर आले नाही.

"काहून लिहिलं असं?" धर्मपाल म्हणाले. "सांगितलं नव्हतं का प्रफुल्लनं? आमी काय सिनेमा पाहाले गेलो होतो?"

त्या रात्रीपासून नवे फोन कमी झाले. मला वाटते, लोक नाव शोधत होते, तारे बघत होते, तो एक रिव्ह्यू वाचत होते आणि पुढच्या डब्याकडे जात होते. शर्मिष्ठा मॅडमही कधीतरी बघणार होत्या. दिवाळी जवळ येत होती. घरात मी वाजलो की सगळे हातातले काम थांबवून एकमेकांकडे बघत. एकदा तर गॅसच्या नोंदणीचा साधा निरोप आला आणि चेतनाच्या हातातला झारा खाली पडला.

यशदीप म्हणाला, "भाभी, एक बंदा है. थोक में रिव्यू डलवा देता है."

"विकतचे नाई पायजे," धर्मपाल म्हणाले. "आपल्याले कमी मानसं हायेत का?"

मित्रांनो, धर्मपालांच्या मनात काही खोट नव्हती. घरातले कुणी पडले की सगळ्यांनी मिळून उठवायचे, हेच ते आयुष्यभर शिकले होते. कुणाच्या घरी आजारपण आले तर विहारात सांगायचे, कुणाच्या मुलीची फी भरायची राहिली तर विहारात सांगायचे, आणि लोक उभे राहायचे. म्हणून रविवारी वंदना झाल्यावर ते उठले आणि हात जोडून म्हणाले, "आपल्या चेतनाचं नाव खराब करून राहिले. सगळ्यायनं पाच-पाच स्टार द्या. आत्ताच द्या, घरी गेल्यावर विसरान."

काय लिहायचे असे कुणीतरी विचारले. धर्मपालांनी वाक्य तयारच आणले होते: 'जेवण चविष्ट, स्वच्छ व वेळेवर मिळते.' ते त्यांनी माझ्यावरून विहाराच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी तेच उचलून चिकटवले. चाळीसेक माणसे, एकच छप्पर, एकच वाक्य. नागपूरहून त्यांच्या साडूने, हरिदासरावांनीही तेच लिहिले.

मी त्या दिवशी इतका वाजलो की माझी पाठ तापली. घरी पेढे आणले. तारे वर चढले. तो एक रिव्ह्यू खाली ढकलला गेला. धर्मपाल माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "पाह्यलं? एकीचं बळ."

मी मात्र घाबरलो होतो. माझ्या आत एक लहानसा भाग आहे. तो उपग्रहांकडून वेळ ऐकतो आणि त्यावरून मी कुठे आहे हे काढतो. प्रत्येक मोबाइलमध्ये तो असतो. त्या चाळीस मोबाइलना ठाऊक होते की आपण सगळे एकाच खोलीत आहोत. आणि जे आम्हाला ठाऊक असते, ते रिव्ह्यू तपासणाऱ्या यंत्रालाही कळू शकते. त्या यंत्राला विहार कळत नाही, वंदना कळत नाही, चेतना कळत नाही. त्याला एवढेच दिसते की एका जागेवरून, एका वेळी, एकच वाक्य चाळीसदा आले. असे वागणाऱ्यांना यंत्रे खोटी माणसे समजतात.

दोन दिवसांनी सगळे रिव्ह्यू गेले. चाळीस तर गेलेच, पण आधीचे खरेही गेले. उरल्याच्या चष्मेवाल्याचे 'घर जैसा खाना' गेले. सुनेत्रा मॅडमचा एक तारा तेवढा राहिला, कारण पाच ताऱ्यांच्या गर्दीत तो एकटाच वेगळा होता. आणि आमच्या नावाखाली एक ओळ आली, जी सगळ्या शहराला दिसत होती: या ठिकाणचे संशयास्पद रिव्ह्यू काढून टाकले आहेत, काही काळ नवे रिव्ह्यू घेतले जाणार नाहीत.

धर्मपालांनी ती ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. अंजनाबाईंनी मला फडक्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपात ठेवले.

"काहून ठेवलं त्याले तिथं?" चेतनाने विचारले.

"वाजते तं हातातलं काम सुटते माह्या," त्या म्हणाल्या.

तांदळात अंधार होता. मी तिथेही वाजत होतो, पण दाणे आवाज खाऊन टाकत होते. मला सारखे वाटत होते की आताचा फोन वसतिगृहाचा असेल आणि कुणी उचलणार नाही.

चेतनाने मला बाहेर काढले तेव्हा तिने काहीतरी ठरवले होते. तिने मला पिशवीत टाकले आणि प्रफुल्लच्या मागे मोपेडवर बसली. आम्ही सुनेत्रा मॅडमच्या सोसायटीत गेलो. फाटकावरच्या गार्डने तिला पाहिले आणि मान खाली घातली. ती त्याला काही बोलली नाही.

दार सुनेत्रा मॅडमनीच उघडले. चेतनाने पिशवी मिटून घेतली, म्हणून मला आता फक्त ऐकू येत होते.

"मी चेतना. डबा माह्याकडून येत होता."

"रिव्ह्यू काढा म्हणायला आला असाल, तर मी काढणार नाही."

"नका काढू. आई कशा हायेत ते पाहाले आली."

मग आतून एक बारीक आवाज आला. "कोण गं? डबेवाली का? तिला विचार, कढी ती स्वतः करते की आणखी कोणी?"

"आमच्या आत्याबाई करतात, आई."

"तरीच. तुझ्या वयाच्या मुलींना कढी न फाटता करता येत नाही."

"आई, तू झोप," सुनेत्रा मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्या चेतनाला म्हणाल्या, "तिला काही वाटत नाही, पण मला वाटतं. मी दिल्लीत होते. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी विमानतळावर उभी होते आणि काहीच करू शकत नव्हते. तुम्हाला कळतंय का?"

"कळते."

"आणि नंतर ते चाळीस रिव्ह्यू. एकच वाक्य. 'वेळेवर' म्हणे. मला त्याचाच जास्त राग आला. मी लिहिलं ते खोटं पाडायला तुम्ही माणसं गोळा केलीत."

"आमच्या मामाजींनी केलं. त्यायले वाटलं, घरचं मानूस अडचणीत हाये तं सगळ्यायनं हात द्यावा."

"त्यातल्या किती जणांनी तुमचा डबा खाल्लाय?"

"डबा कमीच लोकांनी," चेतना म्हणाली. "माह्या लग्नात मात्र सगळे जेवले होते."

मला वाटते, सुनेत्रा मॅडमना हसू आले असावे, पण त्यांनी ते दाखवले नाही. त्यांनी विचारले, "निरोप कोणाकडे दिला होता?"

मी पिशवीत श्वास रोखून धरला. मोबाइलला श्वास नसतो, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. गार्डचे नाव घेतले असते तर आमच्यावरचे अर्धे ओझे उतरले असते. त्याची नोकरीही गेली असती.

"आमच्याकडूनच राहिला," चेतना म्हणाली. "तुम्हाले मी स्वतः फोन करायला पायजे होता."

"मी रिव्ह्यू काढणार नाही," सुनेत्रा मॅडम पुन्हा म्हणाल्या. "पण त्याखाली उत्तर लिहायची जागा असते. तिथे तुम्ही अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. एवढे दिवस मी बघत होते."

घरी आल्यावर सगळे माझ्याभोवती बसले. नवे रिव्ह्यू बंद होते, पण उत्तर देता येत होते. यशदीपने एक तयार उत्तर शोधून आणले: 'प्रिय ग्राहक, असुविधा के लिए हमें खेद है. आपकी संतुष्टि ही हमारी प्राथमिकता है.'

"हे कोनं लिहिलं?" अंजनाबाईंनी विचारले.

"सब यही डालते हैं, आई."

"मग सगळ्यायचंच खोटं हाये."

धर्मपाल म्हणाले, "लिहा, गार्डले निरोप देला होता. खरी गोष्ट हाये ते."

"तो पोट्टा कामावरून जाईन, मामाजी," चेतना म्हणाली, आणि तिने लिहायला घेतले. तिचे बोट अनेकदा थांबले. लिहिलेले तिने कितीदा तरी पुसले. शेवटी माझ्या पडद्यावर हे राहिले:

'मॅडमनी लिहिले ते खरे आहे. दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. दरवर्षी जातो आणि पुढेही जाऊ. तेव्हा दोन दिवस डबा बंद असतो. हे आम्ही इथे लिहायला हवे होते आणि प्रत्येक घरी फोन करून सांगायला हवे होते. निरोप दुसऱ्यावर सोडला, ही आमची चूक. त्यानंतर आमच्या नातेवाइकांनी एकाच दिवशी पाच तारे दिले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आमचा डबा खाल्लेला नाही. ते रिव्ह्यू काढले, ते बरोबर झाले. मॅडमच्या आईंना जो त्रास झाला त्याबद्दल क्षमा मागते. चेतना.'

"आपल्याच हातानं आपलं नाव खराब करून राहिली तू," धर्मपाल म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, भीतीचा होता. "ते हॉस्टेलवाली वाचन हे."

"वाचन. आत्ता काय वाचते ते? आपन खोटे हाओत असं वाचते."

"लिहू द्या तिले," अंजनाबाई म्हणाल्या. "रांधतो आमी. तुमी तं फक्त मीठ कमी हाये म्हनता."

चेतनाने बोट टेकवले. मित्रांनो, असे उत्तर पाठवायला मला क्षणाचा अगदी लहान तुकडा पुरतो. पण ते गेल्यावर जे वाट पाहणे सुरू झाले, ते माझ्या बॅटरीने सोसले नाही. तिच्यात आधीच वायू साठू लागला होता. जुन्या बॅटरीत रसायने बिघडली की असे होते. त्या आठवड्यात माझी पाठ फुगली आणि काच एका बाजूने उचलली गेली. यशदीपने मला पाहून तोंड वाकडे केले. माझ्यातच सेंटरचे खाते होते आणि त्याचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नव्हता. म्हणून मला टाकून देता येईना. माझी बॅटरी बदलली आणि मी वाचलो. पासवर्ड सगळ्यांनी त्या दिवशी शिकून घेतला.

पुढच्या रविवारी धर्मपाल विहारात पुन्हा उभे राहिले. मी त्यांच्या खिशात होतो आणि त्यांचे काळीज धडधडताना मला स्पष्ट जाणवत होते. ते म्हणाले, "मागच्या वेळी मी तुमच्याकडून चुकीचं काम करून घेतलं. रिव्ह्यू पुन्हा सुरू झाले की ज्यानं डबा खाल्ला त्यानंच लिहा. आपल्या मनानं लिहा. खारट लागलं असन तं खारट लिहा."

लोकांनी मान डोलावली. हरिदासरावांनी मात्र हे फारच मनावर घेतले. ते मधे रायपूरला येऊन चार दिवस आमच्या घरचेच जेवले होते. रिव्ह्यू पुन्हा सुरू होताच त्यांचा पहिला आला: तीन तारे, वरण पातळ.

"हा माहा सख्खा साडू," धर्मपाल म्हणाले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. अंजनाबाईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून वरणात डाळ वाढवली.

दिवाळी आली आणि गेली. वसतिगृहाचा फोन आला नाही. चेतना मला रोज उचलून बघायची आणि परत ठेवायची. प्रफुल्ल दुसऱ्या मिलमध्ये चौकशी करू लागला. आणि एका सकाळी शर्मिष्ठा मॅडमचा नंबर माझ्या पडद्यावर उमटला. मी वाजलो. चेतनाने मला इतके घट्ट धरले की माझे स्पीकरचे बटण दाबले गेले आणि त्या खोलीभर ऐकू येऊ लागल्या.

"तुमचं उत्तर वाचलं," त्या म्हणाल्या. "दिवाळीआधीच वाचलं होतं. निर्णय होत नव्हता. मी रोज शंभर ठिकाणचं 'आम्हाला खेद आहे' वाचते. चूक काय झाली ते कोणीच लिहीत नाही. पण मला एक सांगा. तुम्ही लिहिलंय की पुढेही जाणार. मग पुढच्या दसऱ्याला माझ्या मुलींनी काय खायचं? सुट्टीत सगळ्या घरी जात नाहीत."

हा प्रश्न कुणी आधी विचारलाच नव्हता. चेतनाने अंजनाबाईंकडे पाहिले. अंजनाबाईंनी दाराकडे पाहिले, जिथे शेजारच्या मोहल्ल्यातली गोदू कोथिंबीर मागायला येऊन उभी होती आणि सगळे ऐकत होती.

"हव," गोदू म्हणाली. "मी रांधीन दोन दिवस. काय मोठं काम हाये?"

"गोदूबाई करतील मॅडम," चेतना म्हणाली. "आमच्याच चुलीवर, आमच्याच सामानात. आत्ताच ठरलं."

"आत्ताच?"

"हो. खोटं काहून सांगू?"

पलीकडे त्या हसल्या. "एक महिना देऊन बघते. मुली तक्रार करतात, आधीच सांगते. तुमच्या मोबाइलला चैन पडणार नाही."

आणि खरोखरच पडली नाही. मुलींनी लिहिले की पोळ्या जाड आहेत, रविवारी तीच भाजी आली, एकीने तर डब्याच्या झाकणाबद्दल परिच्छेद लिहिला. प्रत्येक वेळी मी वाजायचो आणि माझ्या आत काहीतरी आकसायचे. पण आता चेतना प्रत्येकाखाली लिहायची, काय चुकले आणि उद्या काय बदलेल, आणि तसे बदलायची. महिन्याचे दोन झाले, दोनाचे सहा. सुनेत्रा मॅडमचा तारा एकच राहिला. त्यांनी तो कधी वाढवला नाही, त्यांच्या आईचा डबा मात्र पुन्हा सुरू केला.

यंदाच्या दसऱ्याला घर नागपूरला गेले. आधी चेतनाने प्रत्येक घरी स्वतः फोन केला आणि नकाशावरही लिहिले. या वेळी मी बरोबर गेलो नाही. वाजलो तर उचलायला कुणी असावे म्हणून मला गोदूजवळ ठेवले होते. दीक्षाभूमी पाहायची सवय झालेल्या मला ओट्यावर बसून करमेना. गोदूने डबे भरले, भाड्याच्या रिक्षातून रवाना केले आणि माझ्याकडे बघत बसली. मीही तिच्याकडे बघत बसलो. आता तक्रार येईल, असे मला दर थोड्या वेळाने वाटत होते. भाजी तिखट झाली असेल, सुनेत्रा मॅडमच्या आईचा डबा चुकला असेल.

दुपार झाली. संध्याकाळ झाली. मी वाजलो नाही. शेवटी गोदूने मला उचलून हलवले. "मेला का काय हा?" ती म्हणाली आणि बटण दाबले. पडदा उजळला. नेटवर्क पूर्ण होते. काहीही आलेले नव्हते.

मित्रांनो, ज्यांचे पोट भरते ते लिहीत नाहीत. ते झोपतात, अभ्यासाला बसतात, कामावर जातात. लिहिणारा बहुतेक वेळा दुखावलेला असतो, आणि त्याने लिहिलेच पाहिजे, कारण त्याच्यामुळेच कुणाची तरी आई पुढच्या वेळी उपाशी राहत नाही. पण लिहिताना जे झाले तेवढेच लिहा. न खाल्लेल्या जेवणाला तारे देऊ नका, आपल्या माणसासाठीसुद्धा नाही. आणि ज्या दिवशी जेवण वेळेवर आले, गरम होते, आणि तुम्ही ते विसरूनही गेलात, त्या दिवशी जमले तर एक ओळ लिहा. गुढियारीतल्या ओट्यावर एक जुना मोबाइल आहे. तो वाजला की त्या घरात अजूनही सगळ्यांचे हात थांबतात.